समुद्रावरची गोदावरी



१२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्स बेटांजवळच्या समुद्रात एक जर्मन पाणबुडी बुडाली. ती बुडवणाऱ्या दोन नौकांपैकी एकीचे नाव होते गोदावरी. हे वाक्य नाशिकच्या घाटावर बसून ऐकताना थोडे चमत्कारिक वाटेल. आपली गोदावरी पात्र सोडून निघाली तर फार तर सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की आपल्या शहरात ती मोठी बातमी होते. नौदलाशी आपला संबंध यायचे कारणच नाही. देवळालीला तोफखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे; समुद्र मात्र घाट उतरून गेल्यावर. नाशिकच्याच कुसुमाग्रजांनी कोलंबसाला गर्वगीत गायला लावले, तेवढेच काय ते आपले दर्यावर्दीपण.

शिवाय आपली नदीही मोठी मानी. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या नावाच्या युद्धनौका मात्र पुढे मुंबईच्याच बंदरातून ये-जा करू लागल्या. अशा तीन नौका झाल्या. आजचा माझा विषय मुख्यतः त्यातल्या पहिलीचा आहे, कारण तिची आठवण कोणीच ठेवलेली नाही, आणि ती का ठेवली गेली नाही याची कारणे मला त्या लढाईइतकीच महत्त्वाची वाटतात.

पहिली गोदावरी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या थॉर्नीक्रॉफ्ट कंपनीच्या गोदीत बांधली गेली. २१ जानेवारी १९४३ ला तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षी जूनअखेर ती रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली. या जातीच्या सहा नौका हिंदुस्थानसाठी बांधल्या होत्या आणि सहाहींना नद्यांची नावे दिली होती : सतलज, जमुना, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, कावेरी. नौदलाच्या भाषेत हिला स्लूप म्हणतात. आकाराने विनाशिकेपेक्षा लहान, वेगाने कमी, पण लांब पल्ल्याची. काम तीन प्रकारचे : गस्त घालणे, मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करणे आणि पाणबुड्या हुडकणे. लांबी सुमारे ९१ मीटर, रुंदी साडेअकरा, वजन १,३०० टन, चार इंची सहा तोफा. वेग १९ नॉट, म्हणजे ताशी पस्तीसेक किलोमीटर. कॉलेज रोडवरची पोरे याहून जोरात गाडी हाकतात. पण मालवाहू जहाजे याहूनही हळू चालत, आणि त्यांच्या बाजूने आठवडेच्या आठवडे चालत राहणे हेच तर या नौकेचे काम होते.

युद्ध सुरू झाले तेव्हा, १९३९ मध्ये, आपल्या नौदलाकडे लढाऊ नौका होत्या आठ. युद्ध संपले तेव्हा ११७ झाल्या आणि माणसे तीस हजार. युद्धाआधी या दलाचे खलाशी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून येत. त्यात कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर तांडेल आणि सारंग झालेली ती घरे. युद्धात भरती वाढली तशी पंजाबपासून मद्रासपर्यंतची, जन्मात समुद्र न पाहिलेली पोरे नौकांवर चढली. अधिकारी बहुतेक गोरे. हिंदी अधिकारी थोडे आणि बहुतेक तरुण.

हिंदी महासागरात तेव्हा काय चालले होते, हे आपल्याकडच्या युद्धाच्या गोष्टींत फारसे येत नाही. आपल्याला रोमेल माहीत असतो, स्टालिनग्राड माहीत असते. पण २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली तिलावा ही उतारूंची बोट जपानी पाणबुडीने बुडवली आणि तीत २८० माणसे गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यात पूर्व आफ्रिकेत पोटापाण्यासाठी निघालेली आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची कुटुंबे होती. १२ फेब्रुवारी १९४४ ला मालदीवजवळ खेडिव्ह इस्माइल हे सैनिकांना नेणारे जहाज पाणतीर लागून दोनेक मिनिटांत बुडाले आणि १,२९७ जीव गेले. तेव्हा त्या जहाजाबरोबर सोबतीच्या नौका होत्या, तरीही हे घडले. गस्त म्हणजे काय जोखीम होती, याची कल्पना यावी म्हणून हे सांगितले.

आता त्या ऑगस्टकडे येऊ. यू-१९८ ही जर्मन पाणबुडी युरोपातून निघून आफ्रिकेला वळसा घालून आपल्या समुद्रात आली होती. लांब पल्ल्याच्या या जातीची लांबी होती ८७ मीटर. म्हणजे शिकार आणि शिकारी जवळजवळ एकाच मापाचे. दोन मोहिमा मिळून तिने अकरा जहाजे बुडवली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत तिने एम्पायर सिटी आणि एम्पायर डे ही दोन मालवाहू जहाजे पाठोपाठ बुडवली आणि त्यामुळे आपला माग दिला. तिच्या मागावर जे पथक निघाले त्यात दोन छोट्या विमानवाहू नौका होत्या. त्यांची नावे शाह आणि बेगम. इंग्रजांनी एका लढाईवर शाह, बेगम आणि गोदावरी यांना एकत्र धाडावे, ही इतिहासाची गंमतच. बरोबर काही ब्रिटिश फ्रिगेट होत्या, त्यातली एक फाइंडहॉर्न.

विमानांनी पाणबुडीला हेरले. ती खाली गेली. विमानाला खोल पाण्यातले दिसत नाही. तिथून पुढचे काम नौकांचे, आणि ते काम डोळ्यांनी नव्हे, कानांनी करायचे असते.

हे थोडे तपशिलात सांगतो, कारण एरवी आपण तोफांचेच वर्णन ऐकतो. नौकेच्या तळाला ॲस्डिक नावाचे यंत्र असे. आज आपण त्याला सोनार म्हणतो. ते पाण्यात ध्वनीची लहर सोडते. लहर कशावर आपटली तर परत येते. एका लहानशा कोंदट खोलीत कानाला यंत्र लावून एक खलाशी बसलेला असतो. तो ऐकतो : ध्वनी गेला, परत आला, किती वेळाने आला, कुठल्या दिशेने आला, आणि गेलेल्यापेक्षा आलेला स्वर चढा आहे की उतरता. चढा असेल तर समोरची वस्तू आपल्याकडे येते आहे. उतरता असेल तर पळते आहे. माशांचा थवासुद्धा प्रतिध्वनी देतो. देवमासा देतो. गरम आणि थंड पाण्याचे थर एकमेकांवर असले तर ध्वनी वाकतो आणि पाणबुडी त्याखाली दडून बसते. उष्ण कटिबंधाच्या समुद्रात हा खेळ फार चालतो. त्या खोलीतल्या माणसाने ‘मासा’ म्हटले तर सगळे पुढे निघून जाणार, आणि तो चुकला असेल तर मागून पाणतीर येणार. एखादा वीस वर्षांचा पोरगा हे ठरवत असे.

पाणबुडी सापडली की दुसरी पंचाईत. पाण्यात खोल जाऊन फुटणारे सुरुंगी पिंप नौकेच्या मागच्या बाजूने टाकतात. म्हणजे आधी पाणबुडीच्या थेट डोक्यावरून जावे लागते आणि नेमक्या त्याच शेवटच्या क्षणी ॲस्डिकला ती ऐकू येईनाशी होते. पाणबुडीचा कप्तान हे ओळखून असतो. त्या क्षणी तो वळतो. यावर उपाय म्हणून हेजहॉग आले : नौकेच्या पुढच्या डेकवरून चोवीस छोटे बाँब एकदम दोनेकशे मीटर पुढे उडवायचे. ते गोल पसरून पाण्यात पडतात आणि कशाला लागले तरच फुटतात. न लागले तर समुद्रात नुसती शांतता. त्यामुळे एक स्फोट जरी ऐकू आला तरी अर्थ एकच.

१२ ऑगस्टला स्फोट ऐकू आले. यू-१९८ वर ६६ जण होते. एकही वाचला नाही. नोंदीत विजय फाइंडहॉर्न आणि गोदावरी या दोघींच्या नावावर आहे. गोदावरीने एकटीने पाणबुडी बुडवली असे सांगितले तर टाळ्या अधिक पडतील, पण ते खरे नाही. पाणबुडीची शिकार अनेकदा चार-सहा नौका आणि पाच-पंचवीस विमाने मिळून करतात. गोदावरी त्या फळीत होती आणि शेवटच्या जागी हजर होती. माझ्या मते तेवढे पुरेसे आहे. आणि ते ६६ जणही कोणाची तरी पोरे होती, हे इथे म्हणायला हरकत नसावी. १९४४ साली ते म्हणणे सोपे नव्हते, कारण तिलावावर मेलेल्यांची आठवण ताजी होती.

मग ही गोष्ट आपल्या घरात का आली नाही?

त्याच दिवशी, १२ ऑगस्ट १९४४ ला, नेहरू, सरदार पटेल आणि मौलाना आझाद इथून जवळच अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘चले जाव’ला नुकती दोन वर्षे झाली होती. आपल्या गावोगावची माणसे तुरुंगात होती. आझाद हिंद सेना ब्रह्मदेशाच्या सीमेवर दुसऱ्या बाजूने लढत होती. अशा वेळी राजाच्या नौदलात लढणारा खलाशी देशभक्त की भाडोत्री, हा प्रश्न त्या काळातल्या मराठी घरात सुटणारा नव्हता. मला विचाराल तर तो चुकीचा विचारलेला प्रश्न आहे. बहुतेक पोरे पगारासाठी गेली होती, काही हौसेने, काही घरात खाणारी तोंडे जास्त म्हणून. पण ज्या समुद्रात ती लढली तो आपलाच होता, आणि ज्या जहाजांची ती राखण करत होती त्यांवर आपलीही माणसे होती. हे दोन्ही एकदम खरे असू शकते. आपल्याला मात्र एकच काहीतरी खरे लागते.

याच खलाशांनी १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत बंड केले. तलवार या प्रशिक्षण तळावर वाईट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यांवरून ठिणगी पडली आणि दोन-चार दिवसांत ते कराचीपर्यंत पसरले. गोदावरीची सख्खी बहीण नर्मदा तेव्हा मुंबई बंदरात होती आणि बंडात पुढे होती. पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. ज्यांना काढून टाकले त्यांना पुढे ना भारताच्या नौदलाने परत घेतले, ना पाकिस्तानच्या. आज कुलाब्याला या उठावाचे स्मारक आहे, ते योग्यच झाले. पण नीट पाहा : खलाशी बंडखोर झाला तेव्हाच तो आपल्याला आठवला. त्याआधी सहा वर्षे त्याने जे केले, त्यावर पडदा.

आणि मग फाळणी. टेबल-खुर्च्या वाटल्या गेल्या, तशा नौकाही. सहा नद्यांपैकी चार भारताला आणि दोन पाकिस्तानला मिळाल्या. सतलज आणि जमुना, कृष्णा आणि कावेरी भारताकडे राहिल्या. पाकिस्तानला गेल्या त्या नर्मदा आणि गोदावरी! पंजाबची सतलज इकडे आणि त्र्यंबकेश्वरची गोदावरी कराचीला. वाटणी करणाऱ्यांनी नावे पाहिली नव्हती, यंत्रे आणि तोफा मोजल्या होत्या. त्यांना दोष देता येत नाही. खलाशांनाही विचारले गेले : कुठल्या नौदलात जाणार? कोकणातल्या मुसलमान खलाशाला या प्रश्नाचे उत्तर देताना काय वाटले असेल? ज्या नौकेवर त्याने चार वर्षे काढली ती एका देशाला चालली होती आणि त्याचे गाव दुसऱ्या देशात राहणार होते.

पाकिस्तानने गोदावरीचे नाव बदलून सिंध केले आणि नर्मदेचे झेलम. १९५९ मध्ये सिंध भंगारात निघाली. अशी आपली पहिली गोदावरी तीन वेळा परकी झाली. इंग्रजांना ती वसाहतीची, आपल्याला ती इंग्रजांची, आणि पाकिस्तानच्या हिशेबात तिची कहाणी सिंध या नावापासूनच सुरू झाली. लढाई ज्या नावाने केली त्या नावाचा वारसदार कोणीच उरला नाही.

दुसऱ्या गोदावरीची कहाणी मी थोडक्यात आटोपतो, तिच्यावर खरे तर वेगळे व्याख्यान व्हावे. तिचे मूळ नाव बेडेल. ब्रिटिशांनी बांधलेली ही विनाशिका पोलंडच्या निर्वासित नौदलाने श्लॉन्झाक या नावाने चालवली. १९४२ चा दिएपवरचा हल्ला आणि १९४४ ची नॉर्मंडीची मोहीम दोन्ही तिने पाहिल्या. १९५३ मध्ये ती भारताकडे आली आणि गोदावरी झाली. तिच्या सोबतिणी गंगा आणि गोमती. म्हणजे १९५३ ते १९५९ या काळात मुंबईत एक गोदावरी होती जी पूर्वी पोलिश होती, आणि कराचीत एक सिंध होती जी पूर्वी गोदावरी होती. ही दुसरी १९७६ मध्ये मालदीवजवळ उथळ पाण्यात रुतली आणि पुढे तीही भंगारात गेली.

तिसरी आपल्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहे. माझगाव गोदीत बांधलेली, १५ मे १९८० ला पाण्यात उतरलेली आणि १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आलेली फ्रिगेट. तिचा आराखडा आपल्याच अभियंत्यांनी केला होता. त्याआधीच्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेट परदेशी आराखड्यावर बांधल्या होत्या. हिच्यात रशियन क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य यंत्रणा आणि दोन मोठी सी किंग हेलिकॉप्टर असा मेळ घातला आणि बाहेरच्या लोकांना शंका असतानाही तो जमला. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव फसल्यावर ओलीस घेऊन एका मालवाहू जहाजातून पळणाऱ्या भाडोत्री सैनिकांना गाठणारी नौका हीच. १९९४ मध्ये सोमालियातून आपल्या शांतिसैनिकांना परत आणायला गेली, नंतर एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त घातली. २३ डिसेंबर २०१५ ला मुंबईत तिचा ध्वज उतरवला. बत्तीस वर्षे.

या तिसरीची आठवण टिकेल, कारण तिच्यावर काम केलेली माणसे अजून हिंडती-फिरती आहेत. आठवण टिकते ती तिला घर मिळाले तर. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली खुकरी ही युद्धनौका आपल्याला आठवते. तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला समुद्राकाठी तिचे स्मारक आहे. विक्रांत मोडीत निघाली तरी तिच्या लोखंडाचे शिल्प मुंबईत उभे राहिले. रामदास बोट तर लढाऊ नव्हतीच, १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली साधी उतारूंची बोट, पण गिरगावात आणि रायगडात आजही तिचे नाव निघाले की घरातले कोणीतरी मोठे माणूस गप्प होते. कारण गेलेली माणसे शेजारची होती.

आणि रॉयल इंडियन नेव्हीची? मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे एका दालनात नावांची वही आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर किंवा चिता मिळाली नाही, अशा नौदलाच्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार हिंदी खलाशांची ती नोंद. तिचीच दुसरी प्रत चितगावला आहे. सहा हजार! व्यापारी जहाजाच्या बॉयलरसमोर कोळसा टाकणारा खलाशी बंदूक न उचलता गेला, आणि त्याचा आकडा नौदलापेक्षा पंधरा पट आहे. मुंबईत नोकरी केलेले नाशिककर या सभेत पुष्कळ असतील. त्यांतल्या किती जणांनी त्या इमारतीचा जिना चढला आहे?

तुम्ही म्हणाल, समुद्रावरच्या लढायांची आठवण नाशिकने का ठेवावी? ठेवलेली आहे, म्हणून. इथून चार पावलांवर नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. ती पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून समुद्रकाठची ती घंटा घाटमाथ्यावर आली आणि नदीकाठी टांगली गेली. तिच्यावरचा क्रूस आणि इसवी सन कोणी घासून काढले नाहीत. परक्यांची वस्तू, परक्या लिपीतली अक्षरे, पण आठवण आपली, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या नाशिककरांना जमले होते. मग इंग्रजांच्या ध्वजाखाली लढलेली, पण आपल्या नदीचे नाव लावलेली नौका आपल्याला का अवघड वाटावी?

मला मोठा पुतळा नको आहे. सिंहस्थ आला की घाटावर कोट्यवधींची कामे निघतात. त्यात एक पाटी सहज बसेल. साधा काळा दगड, तीन नौका, तीन कालखंड, पहिलीच्या ओळीत १२ ऑगस्ट १९४४ आणि त्यापुढे हेही, की ती १९४७ मध्ये पाकिस्तानला गेली. शेवटची ओळ गाळू नका. तीच या नौकेला इतर सगळ्या नौकांपासून वेगळी करते.

दुसरी विनंती अधिक घाईची आहे. १९४४ साली वीस वर्षांचा असलेला खलाशी आज असेल तर शंभरीपार. त्यांच्या तोंडून ऐकायची वेळ गेली. पण नाशिक, सिन्नर, इगतपुरी, मालेगाव इथल्या कित्येक घरांत जुन्या ट्रंका आहेत. त्यांत नौदलातून सुटल्याचा दाखला असेल, गणवेशातला फोटो असेल, सहा टोकांचा पितळी बर्मा स्टार असेल, ज्याची निळी-तांबडी-नारिंगी फीत विटून गेली असेल. आजोबा ‘बोटीवर होते’ एवढेच घरात माहीत असते. दिवाळीच्या साफसफाईत ती पदके भंगारवाल्याकडे किलोने जातात. त्याआधी ट्रंक उघडा. दाखल्यावर नौकेचे नाव लिहिलेले असते, ते वाचा, मागच्या-पुढच्या पानांचे फोटो काढा आणि एक प्रत आपल्या सार्वजनिक वाचनालयात आणून द्या. १८४० पासून हे वाचनालय गावाचे कागद सांभाळत आले आहे आणि त्याच्याकडे वस्तुसंग्रहालयही आहे. मूळ वस्तू घरीच ठेवा. प्रत मात्र या दिवाळीच्या आत द्या.